सी की के

मंगळवारी कोर्ट, गुरुवारी कौन्सिल,
शनिवारी मैदान. भिंतीपलीकडे समुद्र,
आणि वारा असा, की गोलकीपरने लाथाडलेला चेंडू
हवेतूनच मागे फिरतो,
काहीतरी घरी विसरल्यासारखा.
वर्किंग्टनच्या आठवड्याचा हा पसारा
बारा पानांत बसवायचा. उरलेल्या जागेत
सोफ्यांचा सेल.

हिल्डा टिनियन, संपादक. पहिल्या दिवशी तिने
एकच गोष्ट शिकवली:
नावाचं स्पेलिंग विचारायचं. प्रत्येकाला.
स्मिथला तर आधी.
माझं तिने स्वतः विचारून घेतलं, अक्षर अक्षर,
मृण्मयी उकिडवे,
आणि मान वर न करता म्हणाली,
"मथळे लहान करावे लागतील."

मग मी विचारत सुटले.
कॉफीच्या दोन बरण्या कोटात घातलेल्या बाईला,
पिवळ्या रेघेवर पाऊण तास बोललेल्या नगरसेवकाला,
प्रदर्शनात पहिल्या आलेल्या
हातभर लांब लीकच्या मालकाला.
लीकलाही नाव होतं, डोरीन.
तेही विचारलं.

टिपणं मात्र मराठीत.
इतरांची लघुलिपी असते, माझी ही:
काना, मात्रा, घाईतला रफार,
ऑफिसात कुणाच्या बापाला वाचता येत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी
वही भिजलेली, पेन चालेना,
पेन्सिलीने लिहीत होते.
शून्य-शून्य. बातमी तशीच रचून ठेवलेली,
चिखलाने दोघांनाही हरवलं, वगैरे.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चौदा नंबर,
राखीव बाकावरचं एक पोरगं, धावत आलं
आणि गुडघ्याने, खरंच गुडघ्याने,
गोल झाला.
कोण हा? मी चहाच्या टपरीवाल्याला विचारलं.
"कीरन. ब्यूलींचा."
कीरन, मी लिहिलं. दीर्घ ई, बिनचूक.
वहीत ना सी, ना के. नुसता क.
डेडलाइनला चार मिनिटं, बोटं बधिर.
फोनवर टाइप करताना के पडला.
का, ते माहीत नाही.

सोमवारी कुणाचाही फोन आला नाही.
दुसऱ्या पानावरच्या चुकीच्या दुरुस्तीत
त्या आठवड्यात फक्त
चर्चमधल्या केकविक्रीची वेळ.

जूनमध्ये हिल्डाने टेबलावर चिठ्ठी ठेवली. पत्ता.
किनाऱ्याचा रस्ता, पहाटे दोन,
एक गाडी, दोन मुलगे.
"फोन नको," म्हणाली, "दारात जा."
या कामाला ऑफिसात एक नाव आहे.
चिपळूणला फोन करते तेव्हा मी सांगते,
मॅच होती.

दार आईनेच उघडलं. तिला वाटलं, फुलं घेऊन आलेली कुणी.
मग आत घेतलं.
किटली दोनदा उकळली, चहा झालाच नाही.
फ्रिजवर, चुंबकाखाली, माझीच बातमी.
के वर निळ्या बॉलपेनची काट,
वर सी. पुढे ई खोडून ए.
शेजारी त्याच पेनने एक यादी:
दूध, बल्ब, कीरनचे बूट.

मला दुसरा प्रश्न सुचला नाही.
स्पेलिंग, मी म्हणाले.
तिने सांगितलं, सावकाश,
शाळेच्या खिडकीपाशी फॉर्म भरून घेताना सांगावं तसं.
या वेळी मराठीत नाही लिहिलं.
मोठ्या अक्षरांत, तिला दिसेल असं.

"आणि तुझं?"
तिने वीजबिलाचं पाकीट उलटं केलं.
एम, मी सुरू केलं. आर, आय, एन,
पुन्हा एम, ए, वाय, दोनदा ई.
आडनाव: यू,
मग के.
पेन तिथे थांबलं.
के, मी पुन्हा म्हणाले.
"हो," ती म्हणाली,
"ऐकलं."